मुदत संपलेलं नाव

मदुराईच्या व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा मी पैंजणाच्या कड्या झाळत बसले होते. आमच्या हुपरीत घरोघरी बायका हे काम करतात. चांदीच्या बारीक कड्या एकमेकींत अडकवायच्या आणि गॅसच्या ज्योतीनं त्यांचे सांधे पक्के करायचे. काम चालू असताना मी फोन घेत नाही, पण हे गृहस्थ एकदा नंबर लावला की उचलेपर्यंत दम खात नाहीत. त्यांची हिंदी त्यांच्याच घरची. तीत त्यांनी विचारलं, की तुम्ही धंदा बंद केला की काय?

मी म्हटलं, का हो? तर म्हणाले, तुमचं पान उघडलं की भलत्याच जाहिराती दिसतात, बूट काय, टायर काय. शिवाय लग्नसराईची यादी काल मेलवर पाठवली होती, ती परत आली. मी त्यांना नेटचा घोळ आहे म्हणून सांगितलं आणि ज्योत बंद केली. आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावला. वर आमचं नाव होतं, रेंदाळे पैंजण डॉट कॉम, आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की या नावाची मुदत संपली आहे.

दोन हजार एकोणीसचा फेब्रुवारी होता. सेलम, मदुराई, आग्रा इथले व्यापारी नमुन्याचे नंबर त्या नावाच्या मेलवर पाठवायचे आणि निम्म्याहून जास्त ऑर्डरी तिथूनच यायच्या. ते सगळं मी बघायचे. खरं सांगायचं तर त्या घरात मी टिकले ती या कामामुळे. नवरा घर सोडून गेलेला, मूलबाळ नाही, अशा सुनेनं सासरी कशाला राहायचं, असं माझ्या माहेरच्यांनीही विचारलं होतं. रेंदाळ्यांच्या घरात ते कुणी विचारलं नाही, कारण मग मेल कोण बघणार?

माझा धाकटा दीर सन्मती कारखान्यातून जेवायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "रिचार्ज संपला असंल की वैनी. मारून टाका."

"कुठनं मारू? कुणाच्या नावावर आहे ते?"

मग त्याच्या ध्यानात आलं.

ते नाव माझ्या नवऱ्यानं घेतलं होतं. हुपरीत तेव्हा असली नावं कुणी घेत नव्हतं. दुकानाची पाटी आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावाची, फोन आप्पांचा, वजनकाट्याचा परवानाही आप्पांचा. भरतेशनी इंटरनेटचं काढलं तेव्हा आप्पा म्हणाले, तुझं तू बघ, मला त्यातलं काही कळत नाही. मग भरतेशनी स्वतःचं नाव घातलं, स्वतःचा मेल घातला, संकेतशब्दही स्वतःपाशीच ठेवला. यात लबाडी नव्हती. घरात नवीन आलेली वस्तू थोरल्या मुलाच्या नावावर करायची, हा रेंदाळ्यांचा शिरस्ताच होता. पुढे पानावरचे फोटो, नमुने, भाव हे सगळं बदलायचं काम त्यांनी मला शिकवलं. पान मी चालवत होते, नाव मात्र त्यांचं होतं.

दोन हजार अकराच्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी ते कोल्हापूरला पैंजण पोचवायला गेले. पैंजण पोचले. मोटारसायकल बसस्टँडच्या बाहेर सापडली, किल्ली सीटखाली. भांडण झालं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. लोकांनी माझ्याकडे बघून पुष्कळ तर्क लढवले आणि मीही लढवले, पण आजही मला कारण सांगता येत नाही. पोलिसांनी घरातून काय काय नेलंय त्याची यादी करायला सांगितली. दोन शर्ट, दाढीचं सामान, शाळेचा दाखला, अशी यादी मीच करून दिली. नावही त्यांच्याबरोबर गेलंय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. ते चालूच होतं ना. एकदा घेतलं की असलं काही आपोआप चालतं, अशी आमची समजूत होती.

सन्मती म्हणाला, "मग आता?"

"कंपनीला फोन लावते," मी म्हटलं आणि त्याला वाढायला घेतलं.

पलीकडे सोप्यात आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, घुंगरं निवडत होत्या. त्या तिथूनच मला म्हणाल्या, "त्येला म्हणावं आमटी गार व्हायलीया." सन्मती त्यांच्यापासून सहा हातांवर बसला होता. तो मला म्हणाला, "आईला सांगा, ऐकाय आलं."

मायलेकरांचं बोलणं दोन महिने असं माझ्यामार्फत चाललं होतं. आप्पा जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. घर आणि कारखाना वारसांच्या नावावर करायचा तर प्रत्येक कचेरीत थोरल्या मुलाची सही मागायचे. वकिलांनी सांगितलं, सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही त्याला कोर्ट मृत म्हणून जाहीर करतं, तसा दावा लावा. सन्मतीनं लावला. डिसेंबरात पेपरात नोटीस आली. भरतेश आप्पासाहेब रेंदाळे हयात असल्याची माहिती कुणास असल्यास कळवावे. शेजारच्या बाईंनी ती आत्तींना वाचून दाखवली आणि त्या दिवसापासून आत्तींनी सन्मतीशी बोलणं टाकलं. साक्ष द्यायला तर त्यांनी साफ नकार दिला होता. आता माझी एकटीची साक्ष होती, अठरा मार्चला, इचलकरंजीच्या कोर्टात.

कंपनीचा फोन लागायला पाऊण तास गेला. पलीकडे एक मुलगी होती, मराठी बोलणारी, बहुतेक पुण्याची. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे नवरा बाहेर आहे, इतकंच. ती म्हणाली, मुदत संपल्यावर तीस दिवस नाव राखून ठेवतात, त्यातले पंचवीस उरलेत. तेवढ्यात मालकानं स्वतःच्या खात्यातून मुदत वाढवली तर ठीक, नाहीतर नाव मोकळं होतं. मग ते कुणीही घ्यावं. अशी नावं टिपून घेणारे लोक टपून बसलेले असतात आणि जुन्या धंद्याचं नाव मोकळं झालेलं त्यांना लगेच कळतं.

मी म्हटलं, मालक नसतील तर?

तर दोन मार्ग आहेत, ती म्हणाली. मालकी बदलायचा अर्ज करायचा. तो मालकाच्या मेलवर जातो, त्यांनी मान्य म्हणून बटण दाबलं की नाव तुमचं. नाहीतर मृत्यूचा दाखला जोडायचा.

दाखल्याला वेळ होता. कोर्टाची तारीखच मुदतीनंतरची. मी तिला म्हटलं, "तो मेल गेली सात वर्षं कुणी उघडलेला नाही हो. त्यावर पाठवून काय उपयोग?"

की-बोर्डचा आवाज आला.

"मॅडम, उघडलेला नाही असं कसं? दर वर्षी इथे मुदत वाढवलेली दिसतेय."

"ती आपोआप होत असेल."

"आपोआपची सोय या खात्याला लावलेलीच नाही. आम्ही मेलवर आठवण पाठवतो, मग मालक स्वतः आत येऊन एकेक वर्ष वाढवतात. दोन हजार बारा, तेरा, चौदा..." ती अठरापर्यंत आली. "दर फेब्रुवारीत. या वर्षी आमचे सात मेल गेलेत, पण काही झालं नाही."

मी तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. पत्ता विचारायचं सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून विचारला तेव्हा कळलं की त्यांच्याकडे लिहिलेला पत्ता आमचाच होता, हुपरीचा, आणि फोन नंबर तोच जुना, बंद पडलेला.

अशा वेळी माणसाला काहीतरी वाटायला हवं. मला काहीच वाटलं नाही. मी उठून सोप्यात गेले आणि राहिलेल्या कड्या झाळायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत दोन जोड पुरे केले, एक सांधासुद्धा फसला नाही. ते गेले त्या पहिल्या वर्षात मी त्यांच्या मेलवर एकोणीस पत्रं लिहिली होती. विनवण्या केल्या होत्या, शिव्या दिल्या होत्या, एकदा आजारी आहे म्हणून खोटंही लिहिलं होतं. एकाचंही उत्तर आलं नाही. पोलीस म्हणाले, बाई, मेल बघायला माणूस जाग्यावर लागतो. माणूस जाग्यावर होता. कंपनीची आठवण वाचत होता, म्हणजे माझीही पत्रं वाचली असणार. राग आला असता तर बरं झालं असतं, पण तोही येईना.

या वर्षीच का थांबले, ते कळायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. नोटीस डिसेंबरात छापून आली होती. ती त्यांनी कुठंतरी वाचली असणार. मेलेला माणूस नावाची मुदत वाढवत नाही.

शुक्रवारी मी अर्ज भरायला बसले. सन्मती मागं उभा होता. त्याला मी फक्त दोन मार्गांचं सांगितलं होतं, मुदत कोण वाढवत होतं ते सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "वैनी, भुताला पत्र धाडायलाय तुम्ही. त्यापरास दुसरं नाव घिऊया की."

मी म्हटलं, आपलं जुनं नाव गेली नऊ वर्षं व्यापाऱ्यांच्या वहीत आहे. ते उद्या कुणी तिसऱ्यानं घेतलं आणि आपल्या नावावर पितळेवर मुलामा देऊन विकायला लागला, तर कुणाकुणाला फोन करून सांगत बसायचं? ते त्याला पटलं. "करा काय करायचं ते," म्हणून तो कारखान्यात गेला.

अर्जाच्या शेवटी एक रकाना होता. सध्याच्या मालकासाठी निरोप, दोनशे अक्षरांच्या आत. मी लिहिलं, आप्पा गेले. मग वाटलं, ते त्यांना माहीत असेल. ते पुसलं. आत्ती बऱ्या आहेत, वाट बघतात, असं लिहिलं. तेही पुसलं. कुठे आहात, असं काही मी लिहिलं नाही. शेवटी इतकंच ठेवलं: ऑर्डरी अडल्यात. नाव सोडा. खाली त्रिशला लिहिलं आणि अर्ज पाठवला.

पाच दिवस गेले. मी फोनवरून व्यापाऱ्यांच्या याद्या उतरवून घेत होते आणि प्रत्येकाला नेटचा घोळ आहे म्हणून सांगत होते. सांगून सांगून जीभ आखडली. बुधवारी दुपारी जेवणं आटोपली, आत्ती जरा लवंडल्या होत्या. दोन वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या मेलवर कंपनीचं पत्र आलं. सध्याच्या मालकानं तुमचा अर्ज मान्य केला आहे. खाली, मालकाचा निरोप, असं लिहिलं होतं आणि पुढचा रकाना मोकळा होता.

म्हणजे त्या दुपारी कुठंतरी ते बसले होते, माझं नाव वाचलं होतं आणि बोट टेकवलं होतं.

पुढचं मी त्या मुलीनं सांगितलं तसं केलं. मुदत वाढवली, ती एकदम दहा वर्षांची, म्हणजे दर फेब्रुवारीला आठवण नको. मालक म्हणून पेढीचं नाव घातलं, व्यक्तीचं नाही. मेल पेढीचा दिला, सन्मतीचा नंबर दुसरा म्हणून जोडला, नाव परस्पर हलवता येऊ नये म्हणून त्याला कुलूप घातलं. आज हुपरीतल्या सात-आठ पेढ्यांची नावं मी सांभाळते. नवं कुणी आलं की पहिलं विचारते, नाव कुणाच्या नावावर आहे? दहांतल्या सहा जणांना ते माहीत नसतं. कुणाचं पान करून देणाऱ्या पोराच्या नावावर, कुणाचं सोडून गेलेल्या भागीदाराच्या. मी त्यांना म्हणते, घराचा उतारा जपता ना, तसं हे जपा. ते माना डोलावतात आणि विसरून जातात.

दोन दिवसांत पान पुन्हा दिसायला लागलं. मदुराईची यादी आली, सन्मतीचा जीव भांड्यात पडला. कसं काय जमवलं, असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, कंपनीनं केलं. त्यानं पुढं काही विचारलं नाही. तो असाच आहे, काम झालं की त्याला खोलात जायचं नसतं.

अठरा तारीख जवळ आली. चौदाला वकिलांचा फोन आला. साक्ष कशी द्यायची ते त्यांनी घोकवून घेतलं. सात वर्षांत पत्र, फोन, कुणाकरवी निरोप, कसलीही खबर नाही, असं स्पष्ट म्हणायचं. अडखळायचं नाही. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा बरं म्हटलं, उगीच.

मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. सन्मतीचं काम झालं असतं, भरतेशना जे हवं होतं ते मिळालं असतं, मीही मोकळी झाले असते. पण आत्ती माझ्यासमोर बसून घुंगरं निवडत होत्या. साडेसात वर्षं त्या बाईनं आपला मुलगा जिवंत आहे म्हणून घराशी, भावकीशी, पेपरातल्या नोटिशीशी भांडण मांडलं होतं, आणि त्यांच्या बाजूचा पुरावा माझ्या मेलमध्ये पडून होता. तो मी लपवला तर मी त्यांची चोर. सांगितला तर दावा गेला आणि पेढीचं काम पुन्हा अडलं. मी विचार केला असं म्हणणार नाही. दुपारी शेगडीवर चहा ठेवला आणि कप त्यांच्या हातात देताना मी सांगून टाकलं.

"आत्ती, ते आहेत."

"कोण?"

"हे. जिवंत आहेत. मला कळलंय."

आत्तींनी कप खाली ठेवला. मी त्यांना नावाचं सगळं सांगितलं, दर फेब्रुवारीचं, अर्जाचं, त्या बुधवारी आलेल्या पत्राचं. त्यांना इंग्रजी येत नाही. त्या उठून आत आल्या आणि म्हणाल्या, दाव. मी पत्र उघडून दाखवलं. त्याचं नाव कुठं हाय, असं त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं, त्यांनी माझं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं.

"काय लिवलंय त्यानं?"

"काही नाही. रकाना मोकळा आहे."

"माझं कायबी इचारलं न्हाई?"

"नाही."

"तू काय लिवलं हुतंस?"

मी सांगितलं. ऑर्डरी अडल्यात, नाव सोडा.

"मी हाय म्हणून लिवलं न्हाईस?"

"लिहिलं होतं," मी म्हटलं. "पुसलं."

"का गं?"

काय सांगणार होते मी? की माझ्या एकोणीस पत्रांचं काय झालं ते मला माहीत होतं. तुमच्याही नावाला तेच उत्तर आलं असतं तर मी ते तुम्हाला कुठल्या तोंडानं वाचून दाखवलं असतं? मला लाज वाटली आणि मी तसं सांगितलं. त्यांनी मला दोष दिला नाही. शेजारच्या स्टुलावर बसल्या.

मग म्हणाल्या, "दर साली त्यो आत येत हुता म्हणतीस. म्हंजे आपलं पान बी बघत असणार."

"असतील बघत."

"आप्पांचा फोटू लावला हुतास न्हवं त्यावर?"

लावला होता. आप्पा दोन हजार सतराच्या नोव्हेंबरात गेले तेव्हा मी पहिल्याच पानावर त्यांचा फोटो लावला होता, हार घातलेला, खाली तारीख. तीन महिने ठेवला होता. व्यापाऱ्यांचे शोकसंदेश त्यावरूनच आले.

"हो, लावला होता."

"त्या फेब्रुवारीत बी मुदत वाढवली त्यानं?"

"हो."

"फोटू तवा हुता?"

"होता, आत्ती."

त्या उठल्या. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला, टाकायचं नाही म्हणून. मग सोप्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सन्मती अंगणात तारेचं भेंडोळं उतरवून घेत होता.

"सन्मती," त्या म्हणाल्या. त्यानं दचकून वर बघितलं. "कोर्टाला गाडी किती वाजता हाय? मी बी येतो."

सन्मतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईचा राग गेला असं त्याला वाटलं. मी त्याला खरं सांगितलं नाही आणि आत्तींनीही पुन्हा कधी तो विषय काढला नाही, माझ्यापाशीसुद्धा. गेल्या वर्षी त्या गेल्या, म्हणून हे आता सांगता येतं. शपथेवर खोटं बोललेलं आहे, मला ते ठाऊक आहे. सन्मतीनं वाचलं तर वाचू दे.

अठरा मार्चला कोर्टात फार गर्दी नव्हती. माझी साक्ष आधी झाली. वकिलांनी विचारलं, सात वर्षांत काही खबर? मी म्हटलं, नाही. पत्र? नाही. फोन, निरोप? नाही. मी कुठंही अडखळले नाही. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता. खाली उतरून बाकावर बसले, तेव्हाही काही वाटलं नाही.

मग आत्ती उभ्या राहिल्या. त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. वकिलांनी विचारलं, मुलाला शेवटचं कधी पाहिलं? त्या म्हणाल्या, नागपंचमीच्या आदल्या दिशी, सकाळी, दारात. त्यानंतर काही कळलं? न्हाई. वकील बसले. न्यायाधीश बाई होत्या, तरुणच. त्यांना राहवलं नाही बहुतेक. त्या म्हणाल्या, आजी, घाबरू नका, तुमच्या मनाला काय वाटतं ते सांगा. तुमचा मुलगा कुठंतरी असेल असं वाटतं का तुम्हाला?

आत्तींनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले होते.

"न्हाई बाईसाहेब," त्या म्हणाल्या. "असता तर बाप गेल्यावर आला असता."

बाईसाहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. टंकलेखकाच्या बोटांचा आवाज आला आणि थांबला. मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. सन्मतीनं माझ्याकडे पाण्याची बाटली सरकवली. आत्ती कठड्याला धरून खाली उतरल्या, माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि पदर सारखा केला. मग माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "बरोबर सांगितलं न्हवं?"

मी म्हटलं, "बरोबर सांगितलं."